दोनशे बारावी चाचणी

सर्व्हरच्या पोटात शिरून पालीने जीव दिला तेव्हा सकाळचे दहा चाळीस झाले होते. वादळ खारवणे बंदरापासून दीडशे किलोमीटरवर होतं आणि सरळ इकडेच तोंड करून येत होतं.

पाल करंगळीएवढी, पण मरताना तिने हात आखडता घेतला नाही. सर्व्हरला वीज देणारी पेटी गेली, पेटीमागची बॅटरी गेली, आणि ज्या यंत्रात खाडीच्या दाराचा सगळा प्रोग्राम नांदत होता ते यंत्रही मागोमाग गेलं. शलाका मेथरने झाकण उघडलं, जळका वास नाकात गेला, आणि पालीला उद्देशून ती जे बोलली ते छापण्याजोगं नाही.

शलाकाला गाव ‘दारवाली’ म्हणे. खाडीच्या मुखावर काळ्या कातळावर दाराचं कार्यालय, त्यात ती एकटी. दार म्हणजे कडीकोयंड्याचं दार नव्हे. लहान मुलांच्या लंगोटात जी पावडर असते ती आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते, हे सगळ्या आयांना ठाऊक असतं. पण तिच्यापुढे समुद्राचं पाणी ठेवा, तोंड फिरवते. मीठ तिच्या धाग्यांना आवळून धरतं, फुगू देत नाही. मग कुठल्याशा प्रयोगशाळेत उलट्या स्वभावाचे दाणे तयार झाले. त्यांच्या धाग्यांवर धन आणि ऋण असे दोन्ही भार शेजारीशेजारी बसलेले. एरवी ते एकमेकांना मिठी मारून असतात. मीठ मध्ये शिरलं की मिठी सुटते आणि धागा अंग पसरतो. पाणी जितकं खारट तितकी ह्यांची तहान मोठी. दाण्यावर पातळ पापुद्रा असतो, त्यातून विजेचा प्रवाह सोडला की पापुद्र्याला बारीक भोकं पडतात आणि दाणा समुद्र प्यायला लागतो.

असे दाणे जाळीच्या लांबलचक पिशव्यांत भरून खाडीच्या तळाला अंथरलेले होते. प्रवाह सोडला की चाळीस मिनिटांत दीडशे मीटर लांब, दोन मजले उंच भिंत पाण्यातून वर यायची. सरकारदरबारी तिला भारदस्त नाव होतं. गावाने तिचं नाव साबुदाणा ठेवलं होतं.

ह्या साबुदाण्याची खोड एकच. एकदा प्यायला की अकरा तास सोडत नाही. मंत्री सांगो की मांत्रिक. आत असेल तो आत, बाहेर असेल तो बाहेर.

उपग्रह फोनवर जिल्ह्याचे कार्यकारी अभियंता सबनीस होते.

“मेथर मॅडम, भरती किती वाजता?”

“चार दहाला, सर.”

“म्हणजे तीन वीसला प्रवाह सोडायलाच हवा. तोवर राखीव मशीनवर सगळं उभं करा.”

“राखीव मशीन दुरुस्तीला गेलंय, सर. ऑगस्टपासून.”

“हां, ते उद्या येतंय.”

“ते ऑगस्टपासून उद्याच येतंय.”

सबनीसांनी विषय बदलला. “काहीतरी करा. खालच्या आळीत आठशे घरं आहेत.”

मग शलाकाने ग्रामपंचायतीत जाऊन जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर उचलला, रेनकोटात गुंडाळला आणि छातीशी धरून कातळ चढली. तोवर अकरा वीस झाले होते.

नुसता प्रोग्राम आणून यंत्रात टाकला की दार चालू, असं असतं तर ही गोष्टच झाली नसती. दुसऱ्या एका राज्यात घाईने चढवलेल्या अर्ध्याकच्च्या प्रोग्रामने भरल्या बंदरात दार वर काढलं होतं, तेव्हापासून कायदा कडक. दाराच्या बुडाशी एक कुलूप होतं. जो प्रोग्राम आधी वेगळ्या जागी उभा करून, सगळ्या चाचण्या घेऊन तपासला आहे, त्याचंच हे कुलूप ऐके. प्रोग्राम लिहिणारी यंत्रं तोवर घरोघर झाली होती, पण दारांच्या बाबतीत त्यांना मज्जाव होता. यंत्राने लिहिलेलं यंत्रानेच तपासलं तर दोघं संगनमताने खोटं बोलतात, हे तोवर जगाला कळून चुकलं होतं. त्यामुळे हे काम माणसाचं. माणूस म्हणजे आज शलाका.

जन्ममृत्यूच्या कॉम्प्युटरात पायथन ही प्रोग्रामची भाषा होती, पण अगदी नवी. दाराचा प्रोग्राम सात वर्षांपूर्वीच्या पायथनवर वाढलेला. नव्याच्या पंगतीत बसवला तर पहिल्या घासाला ठसका. अशा वेळी शहाणी माणसं घर मोडत नाहीत, एकाच घरात वेगळी चूल मांडतात. शलाकाने तेच केलं. यंत्रात एक कोपरा आखला, त्यात जुना पायथन बसवला, आणि त्या कोपऱ्याला बजावलं की तुझी भांडी वेगळी, तुझा मसाला वेगळा, शेजारच्या डब्याला हात लावायचा नाही. मग वेब फ्रेमवर्क. होडी बांधणारा दर वेळी झाडापासून सुरुवात करत नाही. सांगाडा तयार मिळाला की फळ्या आपल्या आपण ठोकायच्या. दार चालायचं वेबसाइटवरून: शलाकाला जी बटणं दिसत तीच सबनीसांना जिल्ह्याच्या ठिकाणी दिसत. त्या साइटचा सांगाडा म्हणजे हे फ्रेमवर्क.

सांगाड्याला लागणारे तयार सुटे भाग, म्हणजे पॅकेजं, एकतीस. प्रोग्रामची मूळ प्रत इंटरनेटवरून उतरली, एकोणतीस पॅकेजं उतरली, आणि बारा सतराला इंटरनेट गेलं.

राहिलेली दोन तिच्या घरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती. ती धावत घरी गेली. घर बंद होतं. नवरा जयेश सकाळीच सांगून गेला होता की इंजिनाचा पंप आणायला कुडाळला जातोय. जयेश मेथर मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. कालच त्याने लाउडस्पीकरवरून गावभर बजावलं होतं, जो उद्या बोट बाहेर काढील त्याचा परवाना मी स्वतः फाडीन. शलाकाच्या हिशेबी त्रेसष्टच्या त्रेसष्ट बोटी आत होत्या.

तीन वर्षांपूर्वी ह्याच जयेशने दाराविरुद्ध मोर्चा काढला होता. त्याच्याच बायकोची त्या दारावर नेमणूक झाली होती, म्हणून मोर्चाला गर्दीही बरी होती. “दार तुमच्या हातात आणि दर्या आमच्या वाट्याला,” तो ओरडला होता. “उद्या घाईत लावलात तर भायेर कोण रवतलो? तुमचो सायब?” शेवटी तोड निघाली ती अशी. दोनशे अकरा चाचण्या आधीच होत्या. त्यांत खोटी भरती, खोटं वादळ, खोट्या बोटी. बोटींची नावं शलाकाने करंजी, चकली अशी ठेवलेली. सोसायटीच्या हट्टापायी दोनशे बारावी आली. ती खोट्या बोटींवर भागत नसे. ती धक्क्यावरच्या खऱ्या फळ्याला विचारी, बाहेर कोणी आहे का? फळा ‘नाही’ म्हणाला तरच पास. चाचणीने खऱ्या जगाला हात लावू नये असा ह्या धंद्यातला नियम आहे आणि सबनीसांनी तो तीनदा ऐकवला होता. जयेश म्हणाला होता, मग तुमचा दार पण खोट्या खाडीत लावा.

घरून पॅकेजं आणली. एक बसलं, दुसरं रुसलं, त्याला त्याच्या जुन्या सोबत्यासकट पुन्हा बसवलं. डेटाबेस उभा केला, तक्ते मांडले. चार वेळा लाल अक्षरांनी शिव्या खाऊन पाचव्या वेळी पान उघडलं आणि पडद्यावर दाराचं निळं चित्र आलं. दोन वाजून बावीस मिनिटं. खिडकीबाहेर माड कमरेत वाकले होते.

आता चाचण्या. मडकं घेताना बाई वाजवून बघते, तसं प्रोग्रामचं अंग न् अंग वाजवायचं. जी पास होईल तिचा एक ठिपका उमटतो. ठिपके धावायला लागले. पन्नास, शंभर, दोनशे. दोनशे अकरा. मग ठिपक्याच्या जागी लाल अक्षर आणि खाली एक ओळ: बाहेर बोटी, एक.

“कुणाची आहे ती?” सबनीस फोनवर ओरडले.

“कुणाची नाही, सर,” शलाका म्हणाली आणि तिला हसू आलं. “दर्याची आहे.”

धक्क्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तो फळा होता. त्रेसष्ट बोटींचे त्रेसष्ट पितळी बिल्ले, पाठीवर बोटीचा नंबर. बोट बाहेर पडताना ती हाकणारा तांडेल आपला बिल्ला फळ्यावरच्या आकड्याला अडकवी, आत आल्यावर काढून नेई. आकड्याखालच्या पट्टीला वजन कळे आणि ती किती बिल्ले आहेत तेवढं प्रोग्रामला कळवी. कुणाचे, ते कळवत नसे. नंबर वाचणारी पट्टी महाग म्हणून वरच्या वर कापली गेली होती. आणि फळा सांभाळायला द्वारका आत्या, वय वर्षं शहात्तर. खारवण्यात फळा कधी रिकामा ठेवत नाहीत. भात संपला म्हणू नये, दिवा विझला म्हणू नये, तसं. म्हणून आत्याकडे एक बिननंबरी बिल्ला होता, दर्याचा. त्यामुळे फळ्यावर एक तरी बिल्ला असायचाच.

दार आल्यावर पहिल्याच नारळी पौर्णिमेला ही चाचणी अशीच अडली होती. शलाकाने तेव्हा चालत्या यंत्रातच एक ओळ घुसवली होती: फळा सांगेल त्यातून एक वजा. दार लागलं, सगळे जेवायला गेले, आणि ती ओळ प्रोग्रामच्या मूळ प्रतीत टाकायची राहून गेली. आज सकाळी ती पालीबरोबर गेली.

“एक ओळ, सर. आत्ता टाकते.”

एक वजा. ठिपके पुन्हा धावले. दोनशे बारा. दोन एकेचाळीस.

“शाब्बास!” सबनीस म्हणाले. “कुलपाला पाठवा.”

तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. चाचण्या घेऊन घेऊन माणसाला एक वाईट खोड लागते. तीन वर्षांपूर्वी घुसवलेली ती ओळ तिने कधी वाजवून पाहिली नव्हती. अजून जवळजवळ चाळीस मिनिटं होती. छोटीशी चाचणी लिहायला दोन मिनिटं पुरतात. समजा तीन बोटी बाहेर आहेत, तर फळ्यावर दर्याचा धरून चार बिल्ले, वजा एक, उत्तर तीन. तिने ‘चार’ लिहिलं आणि तिथेच अडखळली. चारच असतात ना? तिने फळा कधी मोजलाच नव्हता. तिने आकडा पाहिला होता, तोही ह्या खोलीत बसून.

“पाच मिनिटांत आले, सर.”

“आता कुठे चाललात? मॅडम! अहो मॅडम!”

धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी चढलं होतं. सगळी खालची आळी डोंगरावरच्या शाळेत हलवलेली. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. शेडमध्ये द्वारका आत्या मात्र खुर्चीला स्वतःला नायलॉनच्या दोरीने बांधून बसली होती.

“आत्ये! तीन बोटी भायेर असल्या तर फळ्यार बिल्ले किती?”

“तुका येडबिड लागला काय गो? तीन बोटी, तीन बिल्ले.”

“आणि दर्याचो?”

“तो कित्याक? फळो रिकामो नाय ना. शेवटची बोट इली, तिचो बिल्लो निघालो, की मगे मी दर्याचो लावतंय.”

म्हणजे सगळ्या आत असल्या तरी फळ्यावर एक. आणि एकच बाहेर असली तरी फळ्यावर एक. तिची ओळ दोन्हींना सारखंच उत्तर देणार होती: बाहेर कोणी नाही. तीन वर्षांत दार चारदा लागलं, चारही वेळा सगळे घरी होते, म्हणून कुणी मेलं नव्हतं.

“आत्ये, आता फळ्यार हा तो?”

आत्या समुद्राकडे बघायला लागली.

शलाका पुढे झाली. वाऱ्याने बिल्ला पत्र्यावर टणटण आपटत होता. तिने तो धरून पालथा केला. सत्तावीस.

सत्तावीस नंबर तिच्याच घरचा होता.

“पहाटे गेलो,” आत्या म्हणाली. “जाळी काढूक. वादळात गेली तर परत घेवक जमाची नाय म्हणालो. माका देवाची आण घातल्यान, शलाकाक सांगू नको म्हणान.”

कुडाळ, इंजिनाचा पंप, लाउडस्पीकर, सगळं शलाकाच्या डोळ्यांपुढून गेलं. जयेश बायकोशी खोटं बोलला, गावाशी खोटं बोलला, पण जाताना बिल्ला मात्र अडकवून गेला होता. त्या फळ्यावर त्याने विश्वास ठेवला होता, आणि त्या फळ्यातून एक वजा करणारी ओळ तिने सहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने टाकली होती.

ती धापा टाकत वर आली आणि आधी ती ओळ पुसली. मग वायरलेस उचलला. खरखर. पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा आवाज आला.

“…सत्तावीस. इंजिन धरता नि सोडता. जुळ्या सुळक्यांकडे असंव.”

“किती वेळ?”

जयेशने तिचा आवाज ओळखला. “पाऊण तास. सोबत चार खलाशी असत.”

दोन अठ्ठावन्न. पाऊण तास म्हणजे तीन त्रेचाळीस. प्रवाह तीन वीसला सोडायचा.

“सर, बोट खरी आहे. पाच माणसं.”

सबनीस वाईट गृहस्थ नव्हते. फक्त आठशे घरं त्यांच्या सहीखाली होती. “मॅडम, ती चाचणी वगळा. वगळलेली चाचणी नापास धरत नाहीत, कुलूप ऐकेल. पाच माणसं की आठशे घरं?”

“घरं रिकामी आहेत, सर.”

“शाळा कुठे आहे? त्याच उतारावर. खालची आळी खचली तर वरची माती कुठे जाईल ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे?”

तिलाही माहीत नव्हतं. हेच तर वाईट होतं.

“लेखी द्या, सर.”

“मी तोंडी सांगतोय.”

वगळायला एक शब्द लागतो. चाचणीच्या डोक्यावर तो लिहिला की ठिपके तिच्यावरून उडी मारून पुढे जातात. शलाकाने तो शब्द लिहिला. दोनशे बारावीच्या डोक्यावर लिहिला आणि दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसली. मग खोडला. खोडून ती वर सरकत गेली, दोनशेच्या वर, दीडशेच्या वर, आणि एकशे अठरावीपाशी थांबली.

एकशे अठरावी चाचणी प्रवाहाची. प्रवाह ठरल्या मापापेक्षा जास्त जाऊ नये. दुप्पट सोडला तर दाणे चाळीसच्या जागी वीस मिनिटांत फुगतील, पण पापुद्रा भाजून निघेल. भाजलेला पापुद्रा प्यालेलं पाणी परत कधी सोडेल, हे कुणी करून पाहिलं नव्हतं. दार बिघडेल. तिची नोकरी जाईल. पण वीस मिनिटं मिळतील, आणि सुरुवातीची जी दहा मिनिटं सबनीसांनी पदरी राखली होती त्यातली पाच. तीन पंचेचाळीस.

तिने प्रोग्राममधलं प्रवाहाचं माप दुप्पट केलं आणि वगळण्याचा शब्द एकशे अठरावीच्या डोक्यावर लिहिला. त्यापुढे मात्र काही नव्हतं. त्यापुढे दोनशे बारावीच वगळायची.

तिने वायरलेस तोंडाशी धरला. “सत्तावीस. ऐक. तीन पंचेचाळीसला दार लागणार. तू आत असलास तरी आणि नसलास तरी.”

खरखर.

“ऐकू आलं का?”

“इला,” जयेश म्हणाला.

तीन वीस गेले. सबनीस तीनदा ओरडले, चौथ्यांदा विनवायला लागले. तिने फोन टेबलावर उताणा ठेवला. तीन तीसला उधाणाचं पाणी लोटांनी खाडीत शिरायला लागलं. तीन अडतीसला पावसाच्या पडद्यात एक काळा ठिपका दिसला, बुडाला, पुन्हा दिसला. इंजिनाचा आवाज नव्हताच, लाटच बोटीला ढकलत आणत होती, कधी पुढून, कधी आडवी. आडवी आली की शलाका डोळे मिटून घेई आणि मनातल्या मनात घड्याळ मोजी.

तीन बेचाळीस. बोट मुखात. तीन त्रेचाळीस. बोट पिशव्यांच्या रांगेवर होती. मग रांगेच्या आत आली.

“आत्ये! बिल्लो काढ!”

“काढलंय.” शेडमधल्या छोट्या वायरलेसवरून आत्या म्हणाली. “आता दर्याचो…”

“लावू नको!”

“काय?”

“फळो रिकामो ठेव. एक मिनिट. आकडो शून्य येवक व्हयो.”

“शलाका, साठ वर्सां झाली. रिकामो फळो मी कधी…”

“आत्ये, पाया पडतंय!”

शलाकाने चाचण्या सोडल्या. ठिपके धावले. एकशे अठराच्या जागी वगळल्याची खूण उमटली, तिच्या नावासकट, कायमची. दीडशे. दोनशे. दोनशे अकरा. आणि ठिपके थांबले. शेवटची चाचणी फळ्याला विचारत होती.

एका माणसाचा हात साठ वर्षांची सवय किती वेळ रोखून धरतो? शलाकाला तो वेळ दोन श्वासांएवढा वाटला.

ठिपका.

तिने बटण दाबलं. तीन पंचेचाळीस.

खाडी आतून भाजल्यासारखी तडतडली. पापड एकदम तळणीत सोडावेत तसा आवाज, आणि पाण्यातून पांढुरकी पाठ वर आली, रुंद, ओली. तिला लाट धडकली आणि माघारी गेली. एकोणीस मिनिटांत भिंत उभी राहिली. चार दहाची भरती तिच्या माथ्याखाली हातभर थांबली आणि तासभर तिथेच धुमसत राहिली. खालच्या आळीत पाणी शिरलं ते फक्त एका चहाच्या टपरीत, तीही आधीच गळकी होती.

धक्क्यावर शलाका पोचली तेव्हा द्वारका आत्या खुर्चीला बांधलेलीच होती. दर्याचा बिल्ला तिने दातांत गच्च धरला होता. हात आपोआप वर जात होता म्हणाली, मग काय करायचं.

अकरा तास झाले. दार उतरलं नाही. अकरा दिवस झाले, तरी उतरलं नाही. करवत लावली तर कापलेल्या जागी दाणे नव्याने पाणी पीत आणि दुसऱ्या दिवशी भिंत तिथे कोपरभर जाडच झालेली असे. गोडं पाणी ओतून पाहिलं. शास्त्रज्ञ आले, त्यांनी नमुने नेले आणि जेवण छान होतं म्हणाले. सबनीसांच्या चौकशीत शलाकाने एका ओळीचं उत्तर दिलं: एकशे अठरावी मी वगळली, पंचवीस मिनिटं हवी होती. कशासाठी, ह्यावर तिने लिहिलं: बाहेर बोटी, एक. तिला घरी बसवण्यात आलं.

ऐन हंगामात त्रेसष्ट बोटी आतल्या डबक्यात नांगरून पडल्या. सगळ्या बंदराच्या तोंडी एकच प्रश्न. कुणा एकासाठी आमच्या पोटावर पाय दिला? भायेर होतो कोण? फळ्याला आकडा कळतो, नाव कळत नाही. बोट आत आली तेव्हा सगळं गाव शाळेत दारं लावून बसलं होतं. खलाशी कारवारकडचे, ते तोंड उघडत नव्हते. द्वारका आत्या विचारलं की पान चघळायला लागे.

घरात जयेश आठ दिवस भिंतीकडे तोंड करून जेवला. नवव्या दिवशी म्हणाला, “उद्या सभा हा. तू सांगतलंस?”

“सभेचो चेअरमन कोण?”

“मी.”

“मगे माका कित्याक इचारतंस?” ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

सभा लिलावाच्या शेडमध्ये भरली. टेबलामागे जयेश, समोर तीनशे माणसं, आणि एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर शलाका. तास दीड तास तिला लोकांनी धुऊन काढलं. तिला सरकारची नोकरदार म्हणाले, तांडेलाची पोर असून तांडेलांवर उलटली म्हणाले. मागून एकाने, ह्या बाईची बदली मुळात करायची होती, चेअरमनने बायकोला पाठीशी घातलं, असंही म्हणून घेतलं. शलाका मांडीवर हात ठेवून बसून होती. ती कुणाकडे बघत नव्हती, जयेशकडे तर नाहीच.

“नाव सांग गो!” पुढच्या रांगेतला दाजी खवळे उठून उभा राहिला. “ज्याच्यासाठी आमका कोंडलंस त्येचा नाव सांग, नायतर आज हयसून जावक गावाचा नाय.”

शलाकाने मान हलवली. “माझ्याकडे आकडा आहे.”

“आकड्याच्या आयशीचो…”

“दाजी,” जयेश म्हणाला. “खाली बस.”

तो स्वतः उठला. त्याने टेबलाची कड धरली.

“भायेर मी होतंय,” तो म्हणाला. “सत्तावीस नंबर. तुमका नको म्हणान सांगलंय आणि मीच गेलंय.”

जयेशने खिशातून परवाना काढला आणि आपल्या लाउडस्पीकरवरच्या शब्दाप्रमाणे फाडायला घेतला, पण तो प्लास्टिकचा होता. वाकला, फाटला नाही. त्याने तो तसाच वाकडा दाजीपुढे ठेवला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “ह्येका भायेरच ठेवूक व्हयो होतो!”

शलाकाने त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.

“ठेवतलंयच होतंय,” ती म्हणाली. “एका मिन्टान हुकला.”

सगळी शेड हसली, अगदी दाजीसुद्धा. दोघंजण सोडून.